यूव्ही प्युरिफायरचा दिवा लागतो, पण काच स्वच्छ आहे का?

निळसर उजेड दिसतोय म्हणजे जंतू मरताहेत, असं नाही. दिव्याभोवतीच्या क्वार्ट्‌झच्या नळीवर क्षारांचा पांढुरका थर बसला की अतिनील किरण पाण्यापर्यंत नीट पोचतच नाहीत. जड पाणी असेल तर हे फार लवकर होतं.

१. प्लग काढा, पाण्याचा नळ बंद करा, आतलं पाणी सोडून द्या.

२. आधी दिवा, मग नळी अलगद बाहेर काढा. दिवा फक्त टोकांना धरायचा. काचेला बोट लागलंच तर स्पिरिटच्या फडक्याने पुसून घ्या.

३. नळी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, मऊ कापडाने पुसा, धुवा. घासणी नको, चरे पडतात.

४. रबरी रिंग नीट बसवा, पाणी सुरू करून गळती पाहा आणि मगच प्लग लावा. पहिलं थोडं पाणी ओतून टाका.

दिवा साधारण ९,००० तासांनी, म्हणजे सतत चालू असेल तर वर्षाने, बदलायचा. तोवर तो विझत नाही, पण जोर ओसरतो. म्हणून बसवल्याची तारीख यंत्रावरच चिकटवून ठेवा. गढूळ पाण्यात किरण अडतात, तेव्हा आधीचा फिल्टरही वेळेवर बदला. या किरणांचा क्लोरीनसारखा परिणाम मागे उरत नाही, त्यामुळे पाणी झाकलेल्या स्वच्छ भांड्यातच भरा.

पेटलेल्या दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी बघू नका, डोळ्यांना आणि त्वचेला इजा होते. यंत्र सीलबंद असेल तर मेकॅनिकलाच बोलवा.