रेकॉर्ड करारात कलाकाराचे पैसे अडतात कुठे? या चुका टाळा

गाणं लाखो वेळा ऐकलं जातंय आणि रॉयल्टीच्या स्टेटमेंटवर मात्र शून्य. अशा वेळी कंपनीने फसवलं असंच वाटतं. बहुतेकदा ते शून्य करारातच लिहिलेलं असतं.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे अ‍ॅडव्हान्सला कमाई समजणं. तो रॉयल्टीतून वळता होतो. रेकॉर्डिंगचा सगळा आणि व्हिडिओचा निदान काही खर्चही सहसा कलाकाराच्याच खात्यावर नावे पडतो. समजा असे 100 रुपये खात्यावर नावे पडले आणि रॉयल्टी 15 टक्के आहे. वसुली फक्त त्या 15 टक्क्यांतून होते, त्यामुळे ती पुरी होईपर्यंत विक्रीचे सुमारे 667 रुपये जमा झालेले असतात. कंपनीचा खर्च केव्हाच निघालेला असतो, कलाकार मात्र अजून कर्जातच. 1995 मध्ये टीएलसी या अमेरिकन गटाने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा त्यांचा अल्बम धडाक्यात खपत होता. आणि कर्ज फिटलं तरी रेकॉर्डिंगची मालकी बहुधा कंपनीकडेच राहते. मला हे सरळ अन्यायाचं वाटतं.

नुसता टक्का बघू नका, तो कशावर मोजलाय ते बघा. एकूण विक्रीवर की वजावटीनंतर उरलेल्या रकमेवर? पॅकेजिंग, तुटफूट अशी जुन्या तबकड्यांच्या काळातली कलमं पुढच्या करारांतही चालत आली. गाण्याच्या निर्मात्याचा (प्रोड्यूसरचा) वाटाही अनेकदा कलाकाराच्याच टक्क्यांतून जातो.

पहिल्या अल्बमची थकबाकी दुसऱ्याच्या कमाईतून वसूल करण्याचं कलम असेल, तर ते काढायला सांगा. ‘थ्री-सिक्स्टी’ करारात कार्यक्रम आणि टी-शर्टच्या पैशांतही कंपनीचा वाटा असतो. तिथे ती नेमकं काय काम करणार, हे लिहून घ्या.

गीत-संगीत तुमचंच असेल, तर त्याचे हक्क रेकॉर्डिंगच्या हक्कांपासून वेगळे असतात. त्यांची रॉयल्टी अ‍ॅडव्हान्सच्या वसुलीत ओढू देऊ नका. रेकॉर्डिंगचं खातं वर्षानुवर्षं वजा असतं, तेव्हा अनेकांचं घर याच पैशांवर चालतं.

सही होऊन गेली असेल, तर प्रत्येक स्टेटमेंटमध्ये मागची शिल्लक आणि नावे टाकलेला खर्च तपासा. न पटणारी रक्कम दिसली की लेखी हरकत घ्या. करारात हिशेब तपासणीचा हक्क असला, तरी त्याला मुदत असते, अनेकदा दोन-तीन वर्षांचीच.