बूस्ट वाढवण्याआधी: जुन्या १.८ टर्बोवर हात बसवताना

ट्यूनिंगचं काम शिकायला येणाऱ्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "दादा, किती बारपर्यंत नेता येईल?" मी त्यांच्या हातात आधी टॉर्च देतो आणि बोनेटखालची प्रत्येक रबरी नळी दाबून बघायला सांगतो. वीस वर्षं गरम-थंड झालेलं रबर कुठे कडक झालंय, कुठे तेलाने फुगलंय, हे बोटांना कळायला लागलं की बूस्टवर, म्हणजे टर्बो इंजिनात बाहेरच्या हवेपेक्षा किती बार जास्त दाबाने हवा कोंबतो यावर, बोलायला बसतो.

आपल्याकडे या कामाची उत्तम शाळा म्हणजे पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. ही गाडी औरंगाबादजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जोडली जायची. इंजिन १७८१ सीसी, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, ताकद १५० अश्वशक्ती. मूळ बूस्ट अर्ध्या बारच्या थोडा वर. याच टर्बोवर चांगला रीमॅप केला, म्हणजे इंजिनच्या संगणकातली (इसीयूतली) सेटिंग बदलली, तर साधारण एक बारपर्यंत जाता येतं आणि गाडी पावणेदोनशेच्या घरात पोचते. रीमॅपचं काम तासाभराचं असतं. खरं काम त्याच्या आधीचं, आणि नवी पोरं नेमकी तिथेच घाई करतात.

सुरुवात कॉम्प्रेशन टेस्टने करा. इंजिन गरम, बॅटरी पूर्ण चार्ज, चारही प्लग बाहेर, इंजेक्टर आणि कॉइल यांचे कनेक्टर काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा. मॅन्युअल सिलिंडर-सिलिंडरमध्ये ३ बारपर्यंत फरक चालवून घेतं. पण ती मर्यादा मूळ ताकदीवर चालणाऱ्या गाडीसाठी आहे. बूस्ट वाढवायचा असेल तर मी दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असलेलं इंजिन हातात घेत नाही. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट. हे निदान गिऱ्हाइकाला समजेल अशा भाषेत सांगता येणं हा या धंद्याचा अर्धा भाग आहे.

मग गळती. याचं साधन घरीच बनतं. प्लंबिंगच्या दुकानातून योग्य मापाची पीव्हीसी एंड कॅप आणा, तिला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवा. एअरफ्लो सेन्सरच्या पुढे, टर्बोकडे जाणाऱ्या मोठ्या रबरी पाइपला ती क्लॅम्पने आवळा आणि रेग्युलेटर लावून हवा सोडा. अर्ध्या बारपासून सुरुवात, हळूहळू पाऊण बार, त्यापुढे नाही. चेहरा पाइपच्या समोर ठेवू नका, कॅप सुटली तर गोळीसारखी येते. आता साबणाचं पाणी फवारा. इंटरकूलरचे (टर्बोने तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचे) जोड, डायव्हर्टर व्हॉल्व्ह (पेडल सोडल्यावर जादा दाब वळवणारा) आणि इनटेक मॅनिफोल्डखाली लपलेल्या ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या, नळ्या या जागी बुडबुडे हमखास दिसतात. शेवटची जागा वरून दिसतच नाही. छोटा आरसा वापरा.

एवढा आटापिटा कशासाठी? एअरफ्लो सेन्सरने मोजलेली हवा वाटेत गळाली तरी इसीयू पेट्रोल मोजलेल्या हवेच्याच हिशोबाने देतो, म्हणून मिश्रण घट्ट होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. आणि ठरलेला दाब गाठायला टर्बो गरजेपेक्षा जास्त वेगाने फिरतो. बूस्ट वाढवल्यावर लहान भोकही मोठं दुखणं होतं.

ऑइलचं थोडक्यात: संप (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) उतरवून पिकअपची (तेल ओढणाऱ्या नळीची) जाळी बघा. गाळाने ती अर्धी बुजलेली असली तर टर्बोच्या बेअरिंगला तेल पुरत नाही. टर्बोला तेल देणारी नळी एक्झॉस्टच्या जवळून जाते आणि आतून कोळसा धरते. ती नवीच टाका. ऑइल व्हीडब्ल्यू ५०२ ०० मान्यतेचं, ५डब्ल्यू-४०. टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्र बदला, पंप धातूच्या पंख्याचा घ्या.

प्लग एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा, उदाहरणार्थ एनजीके बीकेआर७ई, आणि गॅप ०.७ मिमी. दाब वाढला की ठिणगीला उडी मारायला जास्त जोर लागतो, म्हणून गॅप कमी. पेट्रोलच्या बाबतीत एक गोष्ट आता विसरून चालत नाही. बहुतेक पंपांवर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. इथेनॉल नॉक (मिश्रण आपोआप पेटणं) रोखायला मदत करतं, पण त्याला हवेच्या मानाने इंधन जास्त लागतं. साध्या पेट्रोलला हवा-इंधनाचं प्रमाण १४.७ असेल तर ई२०ला ते साधारण १३.५ होतं. पूर्ण थ्रॉटलला हा हिशोब ट्यूनमध्येच धरावा लागतो. पेट्रोलचा जुना फिल्टर आणि थकलेला पंप घेऊन तो जमणार नाही. एक्झॉस्टमध्ये मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर लावा आणि पूर्ण लोडवर लॅम्डा (१ म्हणजे बरोबर प्रमाण, त्याखाली पेट्रोल जास्त) ०.८० ते ०.८५च्या दरम्यान आहे का ते डोळ्यांनी बघा.

आता लॉगिंग, म्हणजे गाडी चालताना इसीयूतले आकडे नोंदवणं. घोडं पेंड खातं ते इथेच. व्हीसीडीएस (इसीयूतले आकडे लॅपटॉपवर दाखवणारं सॉफ्टवेअर) घेऊन ब्लॉक ११५, म्हणजे आकड्यांचा तो गट, उघडा: मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट शेजारी-शेजारी दिसतात. पण हे आकडे एकूण दाबाचे असतात, त्यातून बाहेरच्या हवेचा दाब वजा करायचा. पुण्यात तो साधारण ९५० मिलिबार, मुंबईत १०१०च्या आसपास, महाबळेश्वरला ८६०च्या जवळ. म्हणजे लॉगमध्ये १९५० दिसलं तर पुण्यात तो बरोबर एक बार बूस्ट झाला. तोच १९५० महाबळेश्वरला गाठायचा तर टर्बोला हवा सव्वादोन पटीहून जास्त दाबावी लागते. मुंबईत दोन पटीहूनही कमी. मुंबईत नीट बसवलेला ट्यून घाटमाथ्यावर टर्बोला रडवतो, त्याचं कारण हे. शिवाय मूळ प्रेशर सेन्सर साधारण २५०० मिलिबारपर्यंतच वाचतो, त्यापलीकडे इसीयू आंधळा.

मग ब्लॉक ०२०. चार रकाने, चार सिलिंडर, प्रत्येकाचं टायमिंग (ठिणगीची वेळ) इसीयूने नॉकमुळे किती मागे ओढलं ते अंशांत. दोन-तीन अंश येतात-जातात, त्याची चिंता नको. चारही रकाने सहाच्या वर जाऊन तिथेच थांबले तर बूस्ट कमी करा. एकच रकाना वेगळा वागत असेल तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर, प्लग, कार्बन तपासा. नॉक म्हणजे ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटणं. इसीयू टायमिंग ओढून इंजिन वाचवतो खरा, पण त्याने एक्झॉस्ट जास्त तापतो आणि ती उष्णता टर्बोला सोसावी लागते. म्हणून लॉग डिसेंबरात एकदा आणि मे महिन्यात परत एकदा घ्या. मूळ इंटरकूलर लहान आहे, चाकाच्या कोपऱ्यात बसलेला. उन्हाळ्यात सलग दोन-तीन वेळा जोर लावला की ब्लॉक ११८मधलं हवेचं तापमान चढताना स्पष्ट दिसतं. हे सगळं डायनोवर (गाडी जागेवरच रोलरवर पळवणाऱ्या यंत्रावर) करा. सार्वजनिक रस्त्यावर पूर्ण थ्रॉटलचे लॉग घ्यायचे नाहीत, कोणाच्याही आग्रहाने.

कनेक्टिंग रॉड वाकतात ते कमी आरपीएमवरच्या टॉर्कने. ट्यूनरला सांगा, तीन हजाराच्या खाली टॉर्क आवरता ठेव. गिऱ्हाइकाला सांगा, पाचव्या गिअरमध्ये पंधराशेवरून पेडल दाबू नका.

कायद्याचंही बोलून घ्या. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळा बदल करता येत नाही, आणि विमा कंपनीपासून लपवलेला बदल अपघातानंतर गिऱ्हाइकाच्या अंगाशी येतो. हे काम सुरू करण्याआधी सांगा, पैसे घेतल्यावर नव्हे.

शिकणाऱ्याने महागडं स्कॅनर घ्यायची घाई करू नये. चांगलं कॉम्प्रेशन गेज, टॉर्क रेंच, रेग्युलेटर असलेला कंप्रेसर आणि व्हीसीडीएसची अस्सल केबल, एवढ्यावर पहिली काही वर्षं निघतात. प्रत्येक गाडीचे लॉग तारीख, ठिकाण, पेट्रोल आणि बाहेरचं तापमान लिहून जपून ठेवा. रीमॅपनंतर पाचशे किलोमीटरवर गाडी परत बोलवा, सगळे क्लॅम्प पुन्हा आवळा, चारही प्लग काढून ओळीत मांडा आणि पोर्सेलिन भिंगाखाली बघा. त्यावर बारीक काळे किंवा चकाकणारे ठिपके दिसले तर लॉग कितीही स्वच्छ असो, बूस्ट त्याच दिवशी खाली आणा आणि कारण सापडेपर्यंत गाडी सोडू नका.