थिएटर ऑर्गनवर मूकपटाला साथ करायचीय? आधी प्रिंट कुठली ते विचारा

पेटी किंवा कीबोर्ड बऱ्यापैकी वाजवता, अमेरिकेत राहता, आणि एखाद्या जुन्या थिएटरात पाइप ऑर्गनच्या साथीने मूकपट बघून आल्यापासून डोक्यात तेच घोळतंय, तर हे तुमच्यासाठी लिहितेय. मी मिशिगनमध्ये शिकले, म्हणजे अजून शिकतेच आहे, शोच्या आदल्या रात्री अजूनही धड झोप लागत नाही. आमच्याकडे अॅन आर्बरचं मिशिगन थिएटर आणि डेट्रॉइटचं रेडफर्ड, दोन्ही 1928 ची, आणि दोन्हीकडे बार्टन कंपनीचा ऑर्गन अजून वाजतो. वर्ष बघा. ऑक्टोबर 1927 मध्ये बोलपट आला होता, म्हणजे ही थिएटरं उघडली तेव्हाच ऑर्गनिस्टांच्या नोकऱ्यांची घरघर सुरू झाली होती. पुढे बहुतेक ऑर्गन विकले गेले, मोडले गेले. जे उरलेत ते हौशी लोकांनी स्वतःच्या सुट्ट्या घालवून सांभाळले म्हणून, हे विसरून त्या बेंचवर बसू नका.

संगीत नाटकातला पायाने भाता मारायचा ऑर्गन मनात असेल तर तो बाजूला ठेवा. इथे हवा ब्लोअर देतो, डावा पाय पेडलवर बेस धरतो आणि उजवा पाय जवळजवळ पूर्ण वेळ एक्स्प्रेशन पेडलवर, तो पाइपांच्या खोलीच्या झडपा उघडतो आणि मिटतो. पट्टी जोरात दाबून आवाज वाढत नाही. आणि पाइप लांब, वर भिंतीआड असतात, त्यामुळे सूर कानापर्यंत जरा उशिरा येतो, तुम्ही कानाची वाट बघत बसलात की लय मागे मागे ओढली जाते. घाबरू नका, हे सगळं सवयीने जमतं, सगळ्यांना जमतं.

सवयीने न सुटणारी एकच गोष्ट आहे आणि ती मी लांबण लावून सांगणार आहे कारण मला तिथेच फटका बसला. फिल्मचं नाव एक असलं म्हणजे फिल्म एक असते असं नाही! ऑक्टोबर आला की सगळीकडे "द फँटम ऑफ द ऑपेरा" लावतात. मूळ फिल्म 1925 ची, पण 1929-30 च्या सुमाराला ती नव्याने कापून परत आणली होती आणि आज जी स्वच्छ प्रिंट बघायला मिळते ती बहुतेक वेळा त्या नंतरच्या आवृत्तीची असते, 1925 ची आवृत्ती 16 एमएमच्या प्रिंटवर उरलीय आणि ती जास्त लांब आहे. एका थिएटरने मला तयारीला एक लिंक दिली, मी त्या लिंकवर मिनिट-सेकंद लिहून क्यू, म्हणजे कधी काय वाजवायचं त्या खुणा, बांधले, आणि शोला पडद्यावर दुसरीच आवृत्ती. सीन माझ्या कागदाआधी येऊन गेले. त्यातला मुखवट्याचा सीन आठवा, फँटम स्वतः ऑर्गन वाजवत बसलाय, ख्रिस्टीन मागून येते, हात पुढे करते, मागे घेते, परत पुढे करते, आणि मग मुखवटा ओढते. पडद्यावरचा माणूस ऑर्गन वाजवतोय आणि खाली तुम्हीही ऑर्गनच वाजवताय, म्हणजे चूक लपवायला जागा नाही. तुमचा मोठा कॉर्ड हात अर्धवट असतानाच पडला तर सीन मेला.

आणि आवृत्ती तीच असली तरी स्पीड वेगळा असू शकतो. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला 16 पासून 24 फ्रेमपर्यंत काहीही, 24 पक्के झाले ते बोलपटांमुळे. 18 ने 90 मिनिटं चालणारी फिल्म 24 ने लावली की साडेसदुसष्ट मिनिटांत संपते. "मेट्रोपोलिस"चं तर विचारूच नका, 1927 मध्ये प्रीमियरनंतर कापली, 2008 मध्ये ब्युनोस आयर्सला जवळजवळ पूर्ण प्रिंट सापडली, आणि 2010 चं रिस्टोरेशन, म्हणजे दुरुस्त करून जुळवलेली आवृत्ती, जवळपास अडीच तासांचं आहे. म्हणून होकार देण्याआधी थिएटरला लेखी विचारा: कुठलं रिस्टोरेशन, एकूण किती मिनिटं, किती स्पीडने, आणि डीसीपी (थिएटरची डिजिटल कॉपी), ब्लू-रे की फिल्म. तयारीसाठी तीच कॉपी मागा, "तशीच दुसरी" चालणार नाही म्हणून सांगा. कोणी म्हणेल किती कटकट करते ही, म्हणू दे.

आणि क्यू घड्याळावर बांधू नका, चित्रावर बांधा. माझ्या कागदावर आता वेळ लिहिलेलीच नसते. डावीकडे इशारा, उजवीकडे क्यू, म्हणजे "ती जिना उतरते" हा इशारा आणि "दार उघडतं" हा क्यू. इशारा दिसला की स्टॉप, म्हणजे कुठले पाइप वाजणार ते ठरवणाऱ्या कळा, बदलायचे, क्यू आला की वाजवायचं. मधलं अंतर लांबलं तर पेडलवर षड्ज-पंचम धरून ठेवा. आपल्याकडे तानपुऱ्यावर वाढलेल्या माणसाला एक सूर धरून ताण वाढवणं कोणी शिकवावं लागत नाही, हे भांडवल तुमच्याकडे आधीच आहे. तयारी मात्र आवाज बंद करून करा. कॉपीवर दुसऱ्या कोणाचं संगीत असतं, ते एकदा कानात बसलं की तुमचं काही सुचत नाही.

गुरूबद्दल माझं मत जरा कडक आहे. जो तुम्हाला फक्त ऑनलाइन शिकवतो आणि खऱ्या ऑर्गनजवळ कधी नेत नाही त्याच्याकडे पैसे घालवू नका. त्यापेक्षा ऑर्गन सांभाळणाऱ्या लोकांना विचारा की ट्यूनिंग कधी आहे, मी पट्ट्या धरायला येऊ का. एक जण वर पाइपांच्या खोलीत, तुम्ही खाली कन्सोलवर, म्हणजे पट्ट्यांसमोर, वरून "नेक्स्ट" ओरडला की पुढची पट्टी, असं तासन्तास. कंटाळवाणं आहे, मान्य. पण कुठला रँक, म्हणजे एका जातीच्या पाइपांची रांग, कुठे बसलाय, व्हॉक्स ह्युमाना हा माणसाच्या आवाजासारखा रँक कुठल्या पट्टीला कुरकुरतो, हे तिथेच कळतं. हिवाळ्यात हीटिंग नीट झालेलं नसेल तर साध्या पाइपांचा सूर उतरतो आणि रीडच्या, म्हणजे आत जीभ असलेल्या, पाइपांचा तेवढा उतरत नाही, मग दोन्ही एकत्र लावले की कान किटतात. शोला गार हॉल मिळाला तर रीड कमी वापरायचे हे मला असंच कळलं, कुठल्याही क्लासमध्ये नाही. अमेरिकन थिएटर ऑर्गन सोसायटी 1955 पासून आहे, गावोगावी शाखा आहेत, तिथे सुरुवात करा.

शॉर्टकट म्हणून लोक जुनी मूडची पुस्तकं सुचवतात. एर्नो रापे यांनी 1924 मध्ये 52 मूड्ससाठी तुकडे जमवून छापले होते, समासात यादी, पाठलाग आला की अमुक पान. अभ्यासाला उत्तमच आहे, पण नुसते तुकडे जोडून फिल्म उभी राहत नाही. तीन-चार थीम घ्या, त्याच फिरवा. घोड्याच्या टापा, पक्षी, दाराची घंटा ही बटणं दिसली की हात शिवशिवतात, पण प्रत्येक घोड्याला टापा दिल्यात तर प्रेक्षक पडदा सोडून तुमच्याकडे बघायला लागतात.

पैशांचं स्पष्ट सांगते, यावर घर चालत नाही, बहुतेक ऑर्गनिस्ट चर्चमध्ये वाजवतात किंवा दुसरी नोकरी करतात. नोकरी सोडून या असं मी कोणालाही म्हणणार नाही. पण वय झालंय, उशीर झालाय असं वाटत असेल तर तेही मनातून काढा, आमच्याकडे निवृत्तीनंतर शिकायला लागलेले लोक आहेत आणि छान वाजवतात. पहिलाच शो अख्ख्या फीचरचा मागू नका. मोठ्या फिल्मच्या आधी लागणारी दोन रिळांची कॉमेडी मागा, वीस-पंचवीस मिनिटांची. तिच्यात हशा आला की उजवा पाय सैल करून आवाज खाली आणा, लोकांना हसू द्या, आणि हसणं उतरायला लागलं की परत झडपा उघडा.