वाडीतल्या झेडपी शाळेचा पट वाढवायचाय? मग जूनची वाट बघू नका

दहावीच्या निकालात कोकण बोर्ड दरवर्षी राज्यात पहिलं, 2024 ला तर 99.01 टक्के, आणि त्याच कोकणात कित्येक वाड्यांतल्या प्राथमिक शाळांचा पट 20 च्या खाली आलाय, हे बघून खरंच जीव तुटतो.

पहिलं काम म्हणजे दिवाळी झाली की अंगणवाडीताईंकडे बसून यादी करा, पुढच्या वर्षी पहिलीला येतील अशी पोरं कोण, कुठल्या घरातली. इंग्लिश मीडियमवाले व्हॅन दाखवून जानेवारी-फेब्रुवारीतच ऍडमिशन घेऊन मोकळे होतात, जूनमध्ये तुम्ही घरी जाल तेव्हा फी भरून झालेली असते. घरी जाताना गुरुजींसोबत आत्ता शाळेत असलेल्या एखाद्या पोराची आई हवीच, आणि आजीशी पण बोला, कारण बऱ्याच घरांत आईबाप मुंबईला आणि पोरगं आजीकडे.

तिथे गणवेश, पुस्तकं, पोषण आहार हे सांगत बसू नका, ते सगळ्यांना माहितीये. पालकांना एकच बघायचं असतं, पोराला वाचता येतं का? 26 जानेवारीला झेंड्याला अख्खी वाडी जमते तेव्हा दुसरी-तिसरीच्या पोरांना कधी न बघितलेला उतारा सगळ्यांसमोर वाचायला द्या, हातच्याची वजाबाकी फळ्यावर करायला सांगा. जमत नसेल तर आधी तेच हातात घ्या, रोज एक तास इयत्ता बाजूला ठेवून ज्याला जेवढं येतं त्याप्रमाणे गट करून शिकवायचं, पोरं कमी असली की हे उलट सोपं जातं.

पट वाढवायला मुंबईतल्या पोरांची नावं कागदावर घालू नका. आधारमुळे ते पकडलं जातं आणि शाळेवरचा विश्वास जातो तो जातोच.

शाळा व्यवस्थापन समिती नुसती सहीपुरती नको. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे त्यात 75 टक्के पालक आणि निम्म्या बायका असायला लागतात. पट कमी म्हणून शाळा बंद करून दुसऱ्या शाळेला जोडायची भाषा सुरू झाली तर समितीने ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यायचा, आणि त्यात पोरांचा चालायचा रस्ता लिहायचा. पाचवीपर्यंत शाळा 1 किलोमीटरच्या आत हवी असा नियम आहे, पण नकाशावर 1 किलोमीटर दिसतं ते मधे पऱ्या, म्हणजे ओढा, असला की पावसात पार बदलतं, साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) नसेल तर सहा वर्षांचं पोरगं जाणार कसं? पऱ्याला पाणी असतानाचे फोटो जोडा, तारीख टाकून.

लांबच्या घरातली दोन-तीन पोरं असतील तर पावसाळ्याच्या रिक्षाभाड्याचं शिमग्यालाच ठरवून घ्या. चाकरमानी पालखीला आलेले असतात, मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाकडे नुसती देणगी मागण्यापेक्षा जून ते सप्टेंबरचा खर्च आकड्यात मांडा. मे महिन्यावर ढकलू नका, तेव्हा घरोघरी लग्नं आणि आंब्याची धावपळ, मीटिंगला कोणी बसत नाही.