तोडकऱ्यांचा प्रश्न सभागृहात न्यायचा असेल तर

चार वर्षांपूर्वी नवापूर तालुक्यातल्या आमच्या पाड्यावरून आम्ही ऊसतोड मजुरांचं एक निवेदन नेलं होतं. ६२ सह्या, त्यातले निम्मे अंगठे. मागण्या ११. लोकप्रतिनिधींच्या कार्यालयातल्या माणसाने वरवर वाचलं आणि म्हणाला, "हा गुजरातचा विषय आहे." मला उत्तर सुचलं नाही. माझी मोठी बहीण आणि दाजी दिवाळी उरकली की गुजरातेत बारडोलीकडे ऊस तोडायला जातात, होळीला चार दिवस येतात, पुन्हा जातात. ते गुजरातचे विषय कसे झाले, हे मला तेव्हा बोलता यायला हवं होतं.

म्हणून पहिलं काम : मागण्या वेगळ्या करा. घटनेच्या सातव्या अनुसूचीत आंतरराज्य स्थलांतर केंद्राच्या सूचीत, ८१व्या क्रमांकावर आहे. ते खासदाराकडे. तोडीचं किमान वेतन गुजरात सरकार ठरवतं, त्यावर मुंबईत विचारून हाती काही लागत नाही. पण कामगार कल्याण समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांकडे, आहे, आणि मुलांची शाळा, हंगामी वसतिगृह, गावाकडचं रेशन हे तर सरळ महाराष्ट्राचंच काम. एवढं वेगळं करून नेलं की "आमचा विषय नाही" म्हणायला जागा उरत नाही.

खासदाराकडे जाताना २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता वाचून जा. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात विस्थापन भत्ता होता, संहितेत तो राहिला नाही. उलट, स्वतःहून परराज्यात गेलेला मजूरही आता व्याख्येत आला, हे चांगलं झालं. ही संहिता राज्यसभेत २३ सप्टेंबर २०२० ला मंजूर झाली, तेव्हा विरोधकांनी बहिष्कार घातलेला होता. ज्या वर्षी माणसं पायी घरी गेली, त्याच वर्षी त्यांच्या कायद्यावर पुरती चर्चा झाली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. त्याच अधिवेशनात, १४ सप्टेंबरला, टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर मेले असा प्रश्न लोकसभेत आला. अशी माहिती ठेवलेली नाही, असं उत्तर मिळालं. तो प्रश्न विचारला गेला म्हणून तर हे देशाला कळलं.

आता वेळ. नागपूरचं हिवाळी अधिवेशन डिसेंबरात असतं, तेव्हा सगळे कोयते पडावावर, म्हणजे तोडीच्या मुक्कामावर, पोचलेले असतात. (आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात.) पावसाळी अधिवेशन धरा. माणसं पेरणीला घरी असतात, माहिती ताजी मिळते, आणि आश्वासन मिळालं तर दिवाळीआधी त्याचा पाठपुरावा करता येतो. अधिवेशनाच्या महिना-दीड महिना आधी मजकूर आमदारांच्या हाती पडायला हवा.

मजकुरात गाऱ्हाणं लिहू नका, मजूर नेणाऱ्या मुकादमाला शिव्या तर नकोतच. विधानसभेच्या प्रश्नाची भाषा ठरलेली असते. साधारण असं लिहा : "नवापूर तालुक्यातून गुजरात राज्यात ऊसतोडीसाठी जाणाऱ्या कुटुंबांची मुले हंगामी वसतिगृहाअभावी पालकांसोबत जातात, हे खरे आहे काय, असल्यास, चालू वर्षी अशा किती मुलांची नोंद झाली, त्यांच्यासाठी कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" एका प्रश्नात एकच खातं. शाळा आणि रेशन एकत्र घातलं की दोन्ही खाती एकमेकांकडे बोट दाखवतात.

तारांकित प्रश्नच मागा. सभागृहात त्याची पाळी आली तर मंत्र्यांना उपप्रश्न विचारता येतात, नाही आली तरी लेखी उत्तर मिळतं. लक्षवेधी सूचना मात्र खरोखर तातडीचं काही घडलं तरच.

सगळ्यात जास्त कष्ट पुराव्याला घ्या. यंदा आषाढात मी बहिणीच्या टोळीची वही भरून घेतली : कोयते २४, सोबत जाणारी मुलं ३१, प्रत्येकाची इयत्ता, शाळा, पडावाचं गाव, मुकादमाकडून घेतलेली उचल (आगाऊ रक्कम). रेशनसाठी वेगळं पान. महाराष्ट्र-गुजरात दरम्यान कुठल्याही दुकानात धान्य मिळण्याची सोय ९ ऑगस्ट २०१९ ला सुरू झाली, आमच्याकडे आदिवासी दिन असतो त्याच दिवशी. तरीही बहिणीला तिकडच्या एका दुकानातून दोनदा रिकाम्या हाती परत पाठवलं. घरी राहिलेल्या सासूने इथे आपल्या वाट्याचं उचललं आणि उरलेलं हिने तिकडे मागितलं, तर नियमात ते बसतं. कुठलं दुकान, कोणती तारीख, यंत्रावर अंगठा लागला की नाही, हे लगेच लिहून ठेवायला टोळीतल्या एका शिकलेल्या पोराला सांगा. महिन्यांनी आठवून सांगितलेल्या तारखा टिकत नाहीत.

कागद दोन प्रतींत न्या. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का, तारीख आणि सहीसकट. साहेब दौऱ्यावर आहेत म्हणाले तरी पोच घेतल्याशिवाय उठू नका.