खाऱ्या हवेतली जुनी स्पोर्ट्‌स कार: आधी पत्रा, मग ब्रेक, ताकद सगळ्यात शेवटी

पोलो जीटी टीएसआय, अबार्थ पुंटो, सिडिया किंवा जुनी सिटी व्हीटेक सेकंडहँड घेतली की घेणाऱ्याच्या डोक्यात पहिल्यांदा येतो रिमॅप, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनच्या संगणकाची सेटिंग बदलणं, आणि मोठ्या आवाजाचा सायलेन्सर. देशावर हे एक वेळ चालून जाईल. दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही गाडी राहणार असेल, तर पहिला सगळा खर्च गंज, ब्रेक आणि वायरिंगवर करायचा. एकशे पाच बीएचपीची पोलो नीट थांबत असेल तर घाटात मजा देते. एकशे चाळीसची केलेली आणि कॅलिपर (डिस्कवर ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) अडकलेली गाडी नाही देत.

गाडी उचलताना

खाली शिरायचं काम असेल तर जॅकच्या भरवशावर राहू नका. तीन टनी दोन घोड्या (जॅक स्टँड) लागतात आणि त्यांच्याखाली १८ मिमी प्लायचे फूटभर चौकोनी तुकडे, कारण अंगणातल्या मातीत घोडीचे पाय तिरके रुततात. जांभ्याचा चिरा घोडीऐवजी कधीच लावू नका. चिरा भिंतीत भार घेतो तो सगळ्या पृष्ठभागावर पसरलेला. जॅक पॉइंटच्या दोन बोटांच्या कडेखाली, त्यातून भिजलेला असेल तर, तो काही इशारा न देता फुटतो. पुढचं टोक उचललं की मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. घोड्यांवर गाडी ठेवल्यावर हाताने जोरात हलवून बघा, मगच खाली जा.

पत्रा

बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या गाडीचा गंज आतून बाहेर येतो. बघायच्या जागा ठरलेल्या आहेत: दाराखालची पट्टी आणि तिच्यावरचे जॅक पॉइंट, मडगार्डची आतली दुमडलेली कड, स्टेपनीचा खड्डा, बॅटरीचा ट्रे, शॉकअप जिथे बॉडीला बसतो तो टॉवर, पेट्रोल टाकीचे पट्टे आणि ब्रेकच्या लोखंडी नळ्या. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. साधं लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून बॉडीवरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे खाली पुट्टी आहे.

मग कार्पेट उचला. हे बहुतेक जण टाळतात, कारण सीट काढाव्या लागतात. पण वायपरखालच्या जाळीत आंब्या-फणसाची पानं कुजून निचऱ्याचं भोक बुजलं, की पावसाचं पाणी थेट पायाखाली उतरतं आणि कार्पेटखालचा फोम महिनोन्‌महिने ओला राहतो. वरचं कापड कोरडं लागतं, खालचा फोम पिळला तर पाणी गळतं. फोम बाहेर काढून उन्हात वाळवा आणि जाळीखालचं भोक तारेने मोकळं करा. भोक बुजलेलं ठेवून पत्रा रंगवला, तर ते काम पुढच्या श्रावणापर्यंतही टिकत नाही.

पृष्ठभागावरचा गंज असेल तर क्रम असा. आधी गोड्या पाण्याने दोनदा धुवा, कारण मीठ आत राहिलं तर वरचा कुठलाही रंग फुगतो. पूर्ण वाळल्यावर तारेच्या ब्रशने आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरने सुटा गंज काढा. उरलेल्या खड्ड्यांत फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर लावा. गंज काळा पडला की काम झालं. डब्यावर लिहिलेली वेळ पाळून इपॉक्सी प्रायमरचे दोन हात द्या, सांध्यांवर सीम सीलर भरा, वर रंग आणि शेवटी तळाला अंडरबॉडी कोटिंग. साधा प्रायमर आणि पुट्टी दोन्ही हवेतला दमटपणा शोषतात. म्हणून प्रायमर मारून "रंग उद्या बघू" हे किनाऱ्यावर चालत नाही. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी जास्त असायला हवं. व्यवहारात याचा अर्थ फेब्रुवारी ते मे, सकाळी अकरा ते दुपारी चार. जूनमध्ये रंगकाम काढूच नका.

दोन सवयी मोडायला हव्यात. गंजावर थेट डांबरी कोटिंग मारलं की तळ काळाभोर आणि नवा दिसतो, पण ओल आत कोंडते आणि पत्रा झाकलेल्या अवस्थेत सडतो. दुसरी, तळाला जळकं इंजिन ऑइल फासणं. त्याने रबरी बुश फुगून मऊ पडतात आणि तेल ब्रेकवर उडालं तर वेगळाच घोळ. पोकळ भागांत कॅव्हिटी वॅक्स लांब नळीने फवारा, मात्र खालची निचऱ्याची भोकं उघडी ठेवा.

पत्रा भोक पडेपर्यंत गेला असेल तर वेल्डिंग. इथे गेट-ग्रिल करणारा गावातला वेल्डर उपयोगाचा नाही. रॉडच्या आर्क वेल्डिंगने ०.८ मिमी पत्रा जळून भोक मोठंच होतं. मिग मशीन हवं, रॉडऐवजी बारीक तारेने वेल्डिंग करणारं. सडलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापा, १ मिमीचा तुकडा बसवा आणि एकदम सलग न ओढता २० ते २५ मिमीचे टाके आलटून पालटून मारा, म्हणजे पत्रा वाकत नाही. त्याआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि ईसीयूचा (इंजिनच्या संगणकाचा) सॉकेट काढा, आतलं कार्पेट, फोम, वॅक्स दूर करा, पेट्रोलची नळी कुठून जाते ते बघा, आणि अग्निशामक हाताशी ठेवा. चासी नंबर जिथे कोरलेला आहे तिथे ग्राइंडर अजिबात लावू नका. आरटीओत पासिंगला त्याचा पेन्सिल प्रिंट घेतात आणि अंक पुसट झाले की मालक हेलपाटे घालत बसतो. ती जागा मऊ ब्रशने साफ करून पारदर्शक लॅकर मारा.

जाता जाता: सॅन स्टॉर्म ही दोन सीटची छोटी कन्व्हर्टिबल कुणाला मिळालीच, तर तिची बॉडी फायबरची आहे. होड्यांचं फायबरकाम करणारा मालवणचा कारागीर ती डेंटरपेक्षा चांगली दुरुस्त करेल. तिची चासी मात्र लोखंडीच आहे, वरचं सगळं तिलाही लागू.

ब्रेक

किनाऱ्यावर डिस्क वरून लाल होणं साधी गोष्ट आहे, दोन-चार ब्रेक मारले की जातं. खरा आजार कॅलिपरच्या सरकत्या पिनांत असतो. त्या जाम झाल्या की एकच पॅड घासत राहतो. आतला पॅड संपलेला आणि बाहेरचा निम्मा शिल्लक दिसला तर समजून जा. पिना काढून बारीक स्कॉचब्राइटने पुसा, खड्डे पडले असतील तर बदला. ग्रीस फक्त कॅलिपरचं किंवा सिलिकॉनचं. बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं की रबरी बूट फुगतो आणि दोन महिन्यांत पिन पुन्हा अडकते. पॅड ज्या खाचेत बसतो तिथला गंज कानशीने काढा, पॅड बोटाने सरकायला हवा. डिस्कची किमान जाडी तिच्या कडेवरच कोरलेली असते. मायक्रोमीटरने मोजा, त्याखाली गेली असेल तर लेथवर फिरवून घेण्यात अर्थ नाही.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ चा उत्कलनबिंदू नवा असताना किमान २३० अंश असतो, पाणी धरल्यावर १५५ पर्यंत उतरलेला चालतो असं मानक सांगतं. आंबा घाट उतरताना सतत ब्रेक धरले, तर अशा जुन्या ऑइलची वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं आत जातं. इतर ठिकाणी दोन वर्षांनी बदलतात, इथे दरवर्षी बदला. पूर्ण बदलायला साधारण लिटरभर लागतं, आणि बाटली नवी, सीलबंदच हवी. गेल्या वर्षीची अर्धी उरलेली वापरू नका.

ब्रेकच्या नळ्यांतली एअर काढायला दोन माणसं लागतात. निपल (एअर सोडायचे कॅलिपरवरचे स्क्रू) गंजले असतील तर आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा. सकाळी सहा कोनी सॉकेटने आधी किंचित आवळा, मग सोडवा. रिंग पाना घसरून निपलचे कोपरे गोल झाले की कॅलिपरच बाहेर काढावा लागतो. मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम नसेल तर उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. एकाने पेडल सावकाश दाबून धरायचं, दुसऱ्याने पाव फेरा सोडून ऑइल पारदर्शक नळीतून बाटलीत घ्यायचं, निपल आवळायचा, मगच पेडल सोडायचं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. जुन्या मास्टर सिलिंडरचा (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणाऱ्या नळकांड्याचा) शेवटचा भाग एरवी वापरात येत नाही, तिथे गंज धरलेला असतो, आणि पेडल तळापर्यंत दाबलं की त्या खरखरीत भागावर सील फाटतं. मग लोक म्हणतात, "काल ब्रेक चांगले होते, एअर काढली आणि गेले." टाकीतली पातळी निम्म्याखाली जाऊ देऊ नका.

नव्या पॅडना बसू द्यावं लागतं: मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून २० वर आणा, अर्धा मिनिट गाडी चालू द्या, असं आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता. पावसाळ्यात गाडी उभी करताना हँडब्रेक ओढून ठेवू नका, शू चिकटतात. गिअरमध्ये ठेवा आणि ठोकळा लावा. चाकं टॉर्क पान्यानेच आवळा: पोलोला १२०, सिटीला १०८ न्यूटन-मीटर.

अर्थिंग आणि वायरिंग

हेडलाइट मंद, सेन्सरचे विचित्र एरर, स्टार्टर रडतखडत फिरतो, अशा तक्रारींवर नवीन बॅटरी घेण्याआधी अर्थ, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक इंजिन-बॉडीला जोडणारी पट्टी, तपासा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, दुसरं इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूला, आणि सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ पट्टी खराब आहे. पट्टी काढा, दोन्ही बाजूंचा रंग आणि हिरवा कळंक १२० नंबरच्या पेपरने घासा, दातेरी वॉशर घालून आवळा. व्हॅसलीन त्यानंतर वरून लावायचं.

नवी वायर जोडताना पीळ मारून टेप लावणं विसरा. त्यातून ओल तांब्यात इंचभर आत चढते. क्रिंप जोड करा, त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी. कल्हई केलेली तांब्याची वायर मिळाली तर उत्तम, होड्यांच्या सामानाच्या दुकानात, मिरकरवाड्यासारख्या बंदरावर, विचारून बघा.

त्याच दुकानात स्टेनलेसचे नट-बोल्ट बघून मोह होतो. नंबरप्लेट, मडगार्डचं प्लास्टिक, इथवर ठीक. सस्पेन्शन, ब्रेक, सीटबेल्ट यांना ते लावू नका. नेहमीच्या ए२-७० स्टेनलेस बोल्टची ताण सोसायची ताकद ७०० मेगापास्कल असते, तर सस्पेन्शनला १०.९ ग्रेडचा, हजाराच्या वरचा बोल्ट लागतो.

इंजिन

बेल्टचा इतिहास माहीत नसेल तर टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच बदला. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गरम इंजिनावर, सगळे प्लग काढून, इंजेक्टर बंद ठेवून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून मोजा. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक बघा: १५ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा, नाही आला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेट.

कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं. विहिरीचं पाणी नको, खाडीजवळच्या विहिरीचं तर मुळीच नको. हिरवं आणि गुलाबी मिसळू नका. आणि "इथे गरमी फार" म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणाऱ्या मिस्त्रीला थांबवा. इंजिन थंडच चालतं, पेट्रोल जास्त जातं, आणि घाटातल्या उकळण्याचं कारण बहुतेक वेळा कुजलेल्या रेडिएटरच्या पात्यांत असतं.

आता मॉडिफिकेशन

सगळ्यात मोठा फरक टायर करतात. बाजूवरचा चार आकडी कोड बघा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांवरचे टायर झिजलेले दिसत नसले तरी काढा, ओल्या जांभ्याच्या चिखलात ते धरत नाहीत. १८५/६० आर १५ च्या जागी १९५/५५ आर १५ बसवले तर व्यास जेमतेम सव्वा टक्का कमी होतो, स्पीडोमीटर आणि एबीएसला चालतं. मग नवे शॉकअप, लोअर आर्मचे बुश, अलाइनमेंट. स्प्रिंगा २० ते २५ मिमीपेक्षा जास्त खाली नेल्या तर वाडीतल्या रस्त्यावर सायलेन्सर घासेल आणि शॉकअप तळाला आदळून फुटेल.

इंजिनशेजारी उघडा कोन फिल्टर लावला की आवाज येतो आणि गरम हवाही. हवेचं तोंड बंपरच्या खाली नेलं तर भरलेल्या रस्त्यात इंजिन पाणी ओढतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. चिपळूण-महाडच्या पावसात मूळ एअर बॉक्सच बरा. रिमॅपचं म्हणाल तर पोलोचा सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) २५० न्यूटन-मीटरपर्यंतचा आहे आणि इंजिन मुळात १७५ देतं, म्हणजे जागा आहे, पण क्लच ड्राय आहे आणि घाटातल्या ट्रॅफिकमध्ये तापतो.

कायदाही बघून ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीत नोंदलेल्या कंपनीच्या तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच उचलून धरलं, आणि कलम १८२अ खाली बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. रंग बदलला तरी आरसीवर नोंद हवी. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतर क्लेममध्ये आड येतो.

घाटातली चाचणी

सगळं झाल्यावर साखरप्याहून आंबा घाट चढा आणि सेकंड-थर्डमध्ये इंजिन ब्रेकिंग वापरत उतरा. चढताना तापमानाचा काटा बघा, एसी चालू ठेवून. खाली आल्यावर सपाटीला थांबा आणि चारही चाकांजवळ हाताचा मागचा भाग न्या, डिस्कला न लावता. पुढची दोन्ही गरम असणारच. डाव्या-उजव्यात फरक जाणवला, किंवा एका चाकाला जळका वास आला, तर ते चाक पुन्हा उघडा आणि सरकत्या पिनांपासून सुरुवात करा. पिना मोकळ्या निघाल्या तर पिस्टनचं सील आणि आतून सुजलेला रबरी ब्रेक पाइप, याच क्रमाने.