पेनांग-फुकेतला क्रूझवरून उतरताय? या चुका टाळा

सिंगापूरहून मलेशियातलं पेनांग आणि थायलंडमधलं फुकेत करणाऱ्या क्रूझवर मराठी मंडळी हमखास भेटतात. बंदर आलं की त्यांतले बरेच जण धावत सुटतात. आम्हीही सुटलो होतो.

पेनांगला जहाज स्वेटनहॅम पिअरला लागतं, म्हणजे जॉर्जटाउनच्या दारातच. २००८ पासून जागतिक वारसा यादीत असलेलं जुनं शहर चालत जाण्याच्या अंतरावर. तरी आम्ही गेटबाहेर टॅक्सी केली, 'चार तासांत सगळं' म्हणून. पेनांग हिलवर चढणाऱ्या फ्युनिक्युलर रेल्वेच्या रांगेतच सकाळ गेली आणि वर पोचलो तर ढग उतरलेला. फोटोत नुसतं पांढरं.

तिथे निवांत दिवस हवा असेल तर ऊन चढायच्या आत पायी निघा. लिटल इंडियात गजरे आणि तमिळ गाणी, पुढे आर्मेनियन स्ट्रीटवर भिंतीवर रंगवलेली दोन मुलं. त्यांची सायकल मात्र खरी, भिंतीला ठोकलेली. घाम फुटला की चेंदोल खा: नारळाचं दूध, ताडगूळ, बर्फ, हिरव्या शेवया आणि चक्क राजमा. नाक मुरडू नका, लागतो छान.

शाकाहारी असाल तर 'भाजीच आहे ना?' एवढं विचारून भागत नाही. बेलाचान, म्हणजे थोडक्यात आंबवून वाटलेला जवळा, तिथे परतलेल्या भाजीतही असतो. तो आहे का, हे नाव घेऊनच विचारा.

खरी गंमत फुकेतला. पेनांगची वेळ सिंगापूरचीच, त्यामुळे आपण मोबाइलवर बिनधास्त विसंबतो. थायलंड एक तास मागे. फोन आपोआप स्थानिक वेळ घेतो, जहाज मात्र बहुतेकदा सिंगापूरच्याच वेळेवर चालतं. परतायची वेळ साडेपाच असेल आणि फोनमध्ये साडेचार वाजले असतील, तर वेळ संपलेली असते. फुकेतच्या पातोंग किनाऱ्याला जहाज समुद्रातच नांगरलं असेल तर किनाऱ्यावरून शेवटची होडी त्याच्याही आधी सुटते. साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवा.

उतरताना केबिनमध्ये येणाऱ्या रोजच्या पत्रकाचा फोटो काढा. बंदरातल्या एजंटचा नंबर बहुधा त्यावर असतो. जहाज चुकलंच तर धक्क्यावर हात हलवत बसू नका, आधी त्याला फोन करा. पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च मात्र आपलाच.